शनिवारच्या टँकरचा डाव

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. आमचे हे, म्हणजे केशव, म्हणतात की मी देवळात गेले तर देवालाही विचारीन, तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं. त्यामुळे विश्वजीतनं रंगपंचमीला पत्त्यांची स्पर्धा ठेवल्याचं कळलं, तेव्हा मी आधी विचारलं, डाव कुठला? मग विचारलं, बक्षीस काय? बक्षीस ऐकल्यावर मात्र मला पुढचा प्रश्न सुचेना.

बक्षीस होतं पाणी. पहिल्या तीन घरांना पाऊस पडेपर्यंत दर शनिवारी एक टँकर, फुकट, आणि नंबर न लावता.

फुकटापेक्षा 'नंबर न लावता' हे महत्त्वाचं. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला लागून आमची सोळा रो-हाऊसं आहेत. आम्ही राहायला आलो तेव्हा सभोवार कपाशी होती. आता जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंगच्या पाट्या. घरं भराभर आली, पाण्याची लाइन काही आली नाही, आणि मागचा पाऊस तर आमच्या डोक्यावरून शिट्टी वाजवत गेला. दिवाळीतच बोअरनं नुसती हवा फेकायला सुरुवात केली. रोख पैसे हातात धरून उभं राहिलं तरी टँकरवाला म्हणायचा, "मावशी, दहा दिवसांनी बघू."

विश्वजीत आमच्या गल्लीतल्या पहिल्या घरात राहतो. खुलताबादच्या डोंगराकडं त्याच्या घरची विहीर आहे, तिला अजून पाणी होतं. आधी तो प्लॉट विकायचा, आता टँकर चालवतो. माणूस मोकळा. यंदा रंग खेळून पाणी नासायचं नाही, त्याऐवजी पत्ते कुटू, असं त्यानं ठरवलं. पैशाचा खेळ नाही, घरटी एकच खेळाडू.

आमच्या घरातून मी बसले. केशवना पत्त्यांतली इस्पिक आणि किलवर वेगळी ओळखू येत नाही. आणि गरजही माझी होती. आमची सई पुण्याला असते. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना संपत आलेला. प्रवास करायचा तर याच आठवड्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत. डिंक, खारीक, अळीव सगळं आणून ठेवलं होतं. माझ्या दोन जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून झाली होती. आणि विहीणबाईंचा फोन आला. आवाज कसा, साखरेत घोळलेला. "बाळंतिणीचं रोजचं न्हाणं, बाळाची आंघोळ, दुपटी धुणं... तुमच्याकडे तर पिण्याच्या पाण्याची मारामार. राहू दे ना तिला इथंच. रविवारी काय ते कळवा."

मला राग आला, आणि राग जास्त आला तो त्या खरं बोलत होत्या म्हणून. रंगपंचमी शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी रविवार. मला माझी लेक माझ्याजवळ हवी होती. यापलीकडं मला त्या दिवशी काही नको होतं.

विश्वजीतच्या पार्किंगमध्ये पत्र्याखाली टेबलं मांडली होती. डावाचं नाव पोकर. तो त्यानं मोबाइलवर शिकला होता. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून द्यायचे, मध्ये पाच उघडायचे, आणि दोन्हींतून ज्याचे पाच पत्ते भारी तो जिंकला. पैशांऐवजी चिंचोके. सगळ्यांना सारखे वाटून दिलेले, संपले की उठायचं. दर डावाला आळीपाळीनं दोघांना सक्तीनं चिंचोके टाकावे लागायचे, एकाला थोडे, त्याच्या पुढच्याला दुप्पट, आणि ती सक्ती दर अर्ध्या तासानं वाढायची. कोणीही कधीही आपले सगळे चिंचोके एका दमात पुढं सारू शकत होतं.

मी अर्थातच चौकशी सुरू केली. जोडी भारी की क्रम? दोघांचं सारखं आलं तर? आणि आपण दिवाळीला तीन पत्ती खेळतो तसं न बघता खेळलं, तर बघणाऱ्याला डबल टाकावं लागतं का?

"नाही काकू," विश्वजीत म्हणाला. "इथं तसलं काहीच नाही. समोरच्यानं जेवढं टाकलं तेवढंच टाकायचं. बघा नाहीतर बघू नका."

बाकीचे तेव्हा पोह्यांच्या रांगेत उभे होते. नियम ऐकायला माझ्याशिवाय कोणाला वेळ नव्हता.

दुपार कलेपर्यंत सोळाचे चार उरले. त्या चारांत मी होते. कशी पोचले म्हणाल, तर पत्ते टाकून टाकून. कोणी जोरात बोललं की मी पॅक. कोणी चिंचोके नुसते खुळखुळवले तरी मी पॅक. उतावळे बारा जण आपसांत लढून उठले आणि मी आपली बसून राहिले. पण बसून राहायलाही खर्च येतो. प्रत्येक फेरीला सक्ती माझ्यापुढचे चिंचोके उचलून नेत होती. टाकीचं झाकण लावून ठेवलं तरी उन्हाळ्यात पाणी बोटभर खाली जातंच, तसं चाललं होतं.

उरलेल्या तिघांपैकी एक मंदार. घरून कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा, हा खेळ आधीपासून येणारा तो एकटाच. त्याच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग. दुसरी सुरेखा. ती वाळूजच्या कामगारांना डबे देते. तिच्यापुढं बरे होते. तिसरे सांडूतात्या. तात्यांपुढं माझ्यासारखीच चिल्लर.

मंदार मात्र कोणतेही पत्ते आले की बघून टाकून द्यायचा. मला राहवेना.

"अरे, एवढा ढीग घेऊन तू खेळत का नाहीस?"

"कशाला खेळू काकू? पहिल्याला एक टँकर आणि तिसऱ्यालाही एकच टँकर. मला जिंकायचं नाहीये. मला फक्त चौथं व्हायचं नाहीये. आता दोन एक्के आले तरी मी टाकीन."

"एक्के टाकशील?"

"सरळ. ढीगवाल्यानं चहा प्यायचा. आता मजा तुमची आणि तात्यांची. कमीवाल्याला वाट बघत बसता येत नाही, सक्ती खाऊन टाकते. आणि उडी मारली तर एका पत्त्यानं बाहेर. कधी मारायची, हाच सगळा खेळ."

एक्का टाकून देण्यात शहाणपण असतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. मी त्याला अजून खोदून विचारलं असतं, पण मधेच माझं लक्ष तात्यांकडं गेलं. ते माझ्याचकडं बघत होते. म्हणजे माझ्या चिंचोक्यांकडं. मीही त्यांचेच मोजत होते. आधी कोण मरतं, याची आम्ही दोघं वाट बघत होतो. सभ्य माणसं शेजाऱ्याच्या मरणाची वाट बघताना जसं हसतात तसे हसलोही.

सांडूतात्यांचं सांगायचं तर आमची कॉलनी उभी आहे ते त्यांचंच शेत. जमीन गेली, पैसे दोन पोरांत वाटले गेले, आणि तात्यांच्या वाट्याला शेवटचं रो-हाऊस आलं. त्याच्या मागं पत्रा टाकून त्यांनी गाय ठेवली. रो-हाऊसच्या कॉलनीत गाय! माश्या माझ्या स्वयंपाकघरात. मीटिंगमध्ये पहिली तक्रार मी केली होती, नंतर बाकीच्यांनी री ओढली. शेवटी ठरलं, पाण्याची सोय स्वतःची करा, नाहीतर महिनाअखेर गाय पाहुण्यांकडं पाठवा. महिनाअखेर म्हणजे उद्याच. मला बाळासाठी पाणी हवं होतं, त्यांना गाईसाठी. मला यात तुलना करण्यासारखं काही वाटत नव्हतं. बाळ ते बाळ.

तेवढ्यात तात्यांनी उडी मारली. मंदारनं पत्ते टाकले, मी टाकले, आणि तात्यांनी आपल्या दोन पत्त्यांना हातसुद्धा न लावता सगळे चिंचोके पुढं सारले.

"आपली ब्लाइंड," ते म्हणाले.

आता सुरेखा एकटी. तिनं आपले पत्ते पाहिले आणि तिचे डोळे चमकले. मग तिची बोटं तात्यांच्या चिंचोक्यांवरून हवेतल्या हवेत फिरली. एकदा. परत पहिल्यापासून एकदा. मग तिनं आपल्या ढिगाकडं पाहिलं, उसासा टाकला आणि पत्ते उघडेच फेकले. राणीची जोडी होती.

"वा सुरेखाताई, बरोब्बर टाकलंत!" मंदार ओरडला. "याला म्हणतात डोकं!"

सुरेखाला काही कळेना, ती आपली हसली. मला मात्र ती बोटं स्वस्थ बसू देईनात. दोनदा का मोजलं हिनं? मी तिच्या कानाशी लागले.

"का गं टाकलेस? राणीची जोडी होती की."

"मग काय करू काकू? त्यांनी न बघता टाकलं ना. आपल्याला डबल लागलं असतं. दिवाळीला नाय का खेळत आपण? डबल टाकलं आन् हारले असते, तर माझ्याकडं काय उरलं असतं?"

तर असं होतं. मंदारला वाटलं, हिनं फार पुढचा विचार केला. आणि हिनं तर दिवाळीचा नियम पोकरला लावला होता. सकाळी विश्वजीतला विचारणारी मी एकटी, त्यामुळं या टेबलावर खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि बाकी कोणी विचारलं नाही म्हणून विश्वजीतनंही सांगितलं नव्हतं. मी सुरेखाला काही बोलले नाही. प्रश्न विचारणं वेगळं आणि उत्तरं वाटत फिरणं वेगळं, अशी मी मनाची समजूत घातली.

खरं सांगते, त्या क्षणी मला केवढी गंमत वाटली. तात्या ब्लाइंड का खेळले, तेही कळलं. त्यांनाही वाटत होतं की समोरच्याला डबल पडेल. म्हणजे फसवायला खेळले नव्हते. सगळं टेबलच्या टेबल एका नसलेल्या नियमाला घाबरत होतं.

पुढच्या डावांत सक्ती वाढली. तात्यांनी मिळवलेलं परत गेलं, माझंही गेलं. माझ्यापुढं चार चिंचोके उरले, त्यांच्यापुढं सात. आणि डाव असा आला की सक्तीचा एक माझ्याकडं आणि दोन तात्यांकडं.

मंदारनं पत्ते न बघताच टाकले आणि चहा मागितला. सुरेखानं टाकले. आता फक्त आम्ही दोघं.

मी पत्त्यांकडं हात नेला आणि थांबले. बघून काय होणार होतं? चांगले असले तर लोभ, वाईट असले तर भीती. सई डोळ्यापुढं आली. विहीणबाईंचा आवाजही आला. मी हात मागं घेतला आणि उरलेले तीनही चिंचोके पुढं ढकलले.

"ब्लाइंड," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले.

मागं बसलेले केशव खोकले. तात्यांनी आपले पत्ते वाकून पाहिले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग त्यांनी माझे चिंचोके मोजले. ओठ हलले. चारचे आठ. आपल्याकडचे मोजले, टाकलेले दोन धरून सात. पुन्हा मोजले, जणू एक कुठं घरंगळून गेलाय. मग खिशात हात घालून चाचपडले. खिशात चिंचोका कुठून असणार? पण माणूस खिशात बघतोच.

"नाय बा," ते हळूच म्हणाले. "डबल नाय माझ्याकडं."

आणि त्यांनी पत्ते टाकायला उचलले.

मला सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी टाकले की त्यांचे पाच उरणार, माझे सहा होणार, आणि पुढच्या डावाची सक्ती पुन्हा त्यांच्याच माथी. वाट बघायची पाळी त्यांची. मला फक्त गप्प बसायचं होतं. खोटं काहीच बोलायचं नव्हतं, मी न बघताच खेळले होते, आणि 'ब्लाइंड' म्हणायला कुणाची बंदी नव्हती. दर शनिवारी टँकर येणार, माझी टाकी भरणार, सई माझ्या मोरीत पाटावर बसणार, मी तिच्या पाठीवर कढत पाणी ओतणार.

पण ते खिशातलं चाचपडणं! मी ते पाणी लेकीच्या अंगावर ओतलं असतं, आणि दर तांब्याला मला हा म्हातारा खिसा चाचपडताना दिसला असता. मला राग आला. तात्यांचा, विश्वजीतचा, सुरेखाच्या बोटांचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या मोठ्यानं 'ब्लाइंड' म्हणण्याचा.

"तात्या, थांबा," मी ओरडले. "डबल लागत नाही इथं. माझ्याएवढंच टाका."

केशव पुन्हा खोकले, या वेळी घशात काहीतरी अडकल्यासारखे.

"खरं म्हनता, वहिनी?"

"याला विचारा."

विश्वजीतनं मान हलवली. "व्हय तात्या. चारच. दोन टाकलेतच, अजून दोन टाका."

"मंग माझ्या राण्यांचं काय?" सुरेखा किंचाळली. तिला उत्तर द्यायला कोणालाच वेळ नव्हता.

तात्यांनी दोन चिंचोके एकेक करून ठेवले आणि पत्ते उलथे केले. दोन एक्के. इस्पिकचा आणि बदामचा. मंदारच्या हातातला चहा सांडला. मी माझे उघडले. चौकटची नव्वी आणि किलवरची पंजी.

विश्वजीत मधले पत्ते उघडू लागला. पहिलीच आली नव्वी! सगळी गल्ली ओरडली. केशवनी माझा खांदा इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. अजून एक नव्वी नाहीतर एक पंजी, बस्स. माझे डोळे भरून आले होते आणि मी मनातल्या मनात पंजीला हाक मारत होते. राजा आला. दुर्री आली. मग गुलाम. शेवटी सत्ती.

सोळांतून चौथी. तिघांना टँकर, आणि मी चौथी.

तात्या उठले. मला वाटलं, काही बोलतील. एखादा शब्द तरी. छे! धोतराचा सोगा सावरत ते सरळ घराकडं निघाले, जवळजवळ पळतच. गाईला सांगायला गेले असणार. मला त्याही स्थितीत हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मी ते पदरानं पुसलं नाही, दिसलं तर दिसलं.

"काकू, तुम्ही असं का केलंत?" मंदारनं विचारलं. दिवसभर मी त्याला प्रश्न विचारले होते, आता त्याची पाळी.

घरी आल्यावर केशव माझ्यावर चिडले नाहीत, त्यानं मला अजूनच वाईट वाटलं. शिवलेल्या दुपट्यांची चळत खुर्चीवर होती. ती मी उचलून पिशवीत भरली. पुण्याला पाठवून द्यावीत, एवढंच डोक्यात होतं. मग डिंक भरला. अळीव भरले. खारका भरल्या. पिशवी भरली तशी दुसरी घेतली. दुसरीत माझ्या दोन साड्या कधी गेल्या, मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्या बाहेर काढल्या नाहीत. फोन उचलला. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?

"विहीणबाई, टँकर काही मिळाला नाही. सई तिथंच राहू दे."

"बरं झालं हो, तुम्ही समजून घेतलंत."

"मी येते. बाळंतपण मीच करीन. तुमच्या घरी."

केशव दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावर आठी होती आणि ती कशाची हे मला ठाऊक होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही त्यांच्या घरातली रीत. त्यांच्या आईनं पाळली, आणि सईच्या लग्नापासून मीही पाळत आले. पुण्याला जायचं ते पिशवीतून आपली बाटली घेऊन.

"इथं येणार?" विहीणबाई म्हणाल्या. आवाजातली साखर गेली होती. "पद्मजाताई, तुम्ही येता तेव्हा मी तुमच्यापुढं पेला भरून ठेवते. तुम्ही गेलात की तो भरलेलाच उचलते. दोन वर्षं झाली. मी कधी बोलले नाही. पण महिना-दीड महिना माझ्या घरात राहायचं, तर तुम्ही काय बाटल्या घेऊन येणार आहात?"

त्या पेल्याकडं मी कधी वळून पाहिलंच नव्हतं. जगाच्या चौकशा करणारी मी, त्या बाईला काय वाटत असेल हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी केशवांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि माझी भरलेली पिशवी उचलून दाराशी नेऊन ठेवली.

"सकाळच्या गाडीनं निघते," मी फोनमध्ये म्हणाले. "उन्हाची येईन. आल्या आल्या पाणी द्या."